करडईची पाकळी : रसायन, गुण आणि व्यवहार

करडई म्हटली की व्यापाऱ्याला तेल आठवते आणि शेतकऱ्याला काटे. तिच्या फुलाकडे सहसा कोणी पाहत नाही. बी तयार झाले, मळणी झाली, की वाळलेल्या पाकळ्या भुसकटात जातात. परंतु अत्ताराच्या दुकानात, मसाल्याच्या पेठेत आणि रंगरेजाच्या कारखान्यात हीच पाकळी शेकडो वर्षे खपत आली आहे. आपल्याकडे तिला कुसुंबा म्हणत. अरबी भाषेत झाडाला 'कुर्तुम' आणि रंगाच्या फुलाला 'उस्फुर' म्हणतात. वनस्पतिशास्त्रातील 'कार्थेमस' हे नाव या 'कुर्तुम'वरूनच आले. त्याच्या पुढचा 'टिंक्टोरियस' हा शब्द म्हणजे रंगाऱ्याच्या उपयोगाचे.

आज ही पाकळी बाजारात दोन प्रकारे विकली जाते. एक, स्वतःच्या नावाने, काष्ठौषधी किंवा नैसर्गिक रंग म्हणून. दुसरी, केशराच्या नावाने किंवा केशरात मिसळून. दुसऱ्या प्रकारात नफा मोठा दिसतो, म्हणून पहिला प्रकार मागे पडला आहे. आमचे म्हणणे असे की, या पाकळीत स्वतःची अशी किंमत आहे आणि ती किंमत तिच्या रसायनातून येते. हे रसायन ज्याला समजले तो माल पारखून घेईल, नीट साठवील आणि गिऱ्हाइकाला खरे सांगूनही विकू शकेल. म्हणून या लेखात आम्ही पाकळीचे घटक, तिचा ऑक्सिडीकरण रोखण्याचा गुण आणि रोजच्या व्यवहारात त्याचा अर्थ काय, हे क्रमाने मांडत आहोत.

फूल पिवळे, मग लाल

करडई हे रब्बीचे पीक. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरणी होते आणि थंडी ओसरू लागली की फुले येतात. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड, परभणी हा आपल्याकडचा करडईचा जुना पट्टा. गेल्या काही दशकांत क्षेत्र बरेच घटले असले तरी पीक गेलेले नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी कुसुम' हा वाण नावानेच फुलाची आठवण करून देतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे वाण तयार केले. त्यामुळे पाकळ्या हाताने वेचणे सोपे झाले. याच संस्थेने पाकळ्या ओढून घेणारे यंत्रही बनवले होते.

करडईच्या एका बोंडात बारीक नळीसारखी पुष्कळ फुले असतात. उमलताना बहुतेक वाणांची फुले पिवळी दिसतात. एक-दोन दिवसांत ती केशरी होतात आणि कोमेजताना लाल. हा रंगबदल केवळ शोभेचा नाही. पाकळीत 'प्रीकार्थामिन' नावाचे पिवळे द्रव्य असते. हवेतील ऑक्सिजन आणि पाकळीतील विकर यांच्यामुळे त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि 'कार्थामिन' हे लाल द्रव्य तयार होते. म्हणजे वेचणी कधी केली यावर माल पिवळा निघेल की लाल हे ठरते. फलन होऊन पाकळी कोमेजल्यावर वेचली तर बियांच्या उताऱ्यालाही धक्का लागत नाही. शेतकऱ्याला तेलबी मिळते, वर पाकळीचे पैसे मिळतात.

पाकळीत काय काय असते

पाकळीतील रंगद्रव्यांचे दोन गट आहेत.

पहिला गट पिवळ्या द्रव्यांचा. ही पाण्यात सहज विरघळतात आणि वाळलेल्या पाकळीच्या वजनात त्यांचा वाटा मोठा, साधारण पाव हिश्शाच्या आसपास असतो. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे द्रव्य म्हणजे 'हायड्रॉक्सी सॅफ्लॉर यलो ए'. नाव लांबलचक आहे, म्हणून पुढे आम्ही त्याला 'पिवळे ए' म्हणू. १९९३ साली ते वेगळे करून त्याची ओळख पटवण्यात आली.

दुसरा गट लाल कार्थामिनचा. त्याचे प्रमाण फार थोडे, शंभर ग्रॅम पाकळीत साधारण ०.३ ते ०.६ ग्रॅम. थंड साध्या पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. सोड्यासारख्या अल्कलीत विरघळते आणि आंबट घातले की पुन्हा साका होऊन खाली बसते. १९१० साली कामेटाका आणि पर्किन या रसायनतज्ज्ञांनी ते शुद्ध रूपात वेगळे केल्याची नोंद आहे.

पिवळे ए आणि कार्थामिन ही दोन्ही 'क्विनोचाल्कोन' या कुळातील. या कुळातील द्रव्ये मुख्यतः करडईतच आढळली आहेत. त्यांच्या रेणूला ग्लुकोज साखर जोडलेली असते. यांशिवाय पाकळीत केम्फेरॉल, क्वेर्सेटिन, ल्युटिओलिन ही फ्लॅव्होनॉइड वर्गातील द्रव्ये आणि त्यांना साखर जोडून झालेले प्रकारही असतात. कांदा, चहा आणि पालेभाज्यांतही याच वर्गातील द्रव्ये असतात.

चीनमध्ये ही पाकळी 'होंगहुआ', म्हणजे लाल फूल, या नावाने औषधात वापरतात. तेथील सरकारी औषधकोशाने तिच्यासाठी मापे ठरवली आहेत. पिवळे ए किमान १ टक्का आणि केम्फेरॉल किमान ०.०५ टक्का असावे, ओलावा १३ टक्क्यांहून जास्त नसावा, काडीकचरा २ टक्क्यांहून जास्त नसावा. आपल्याकडे डोळ्यांनी रंग पाहून भाव ठरतो. तिकडे प्रयोगशाळेतील आकड्यावर माल पास होतो. मोठ्या खरेदीदाराला माल देऊ पाहणाऱ्याने ही मापे ध्यानात ठेवावीत.

ऑक्सिडीकरण आणि त्याला अडवणारे

अँटिऑक्सिडंट हा शब्द आता चहाच्या पुड्यापासून साबणापर्यंत सगळीकडे छापलेला दिसतो. त्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे.

खोबरे फार दिवस उघडे राहिले की खवट होते. कापलेले सफरचंद काळे पडते. लोखंड गंजते. या सर्वांत ऑक्सिजनचा हात आहे. पदार्थांत आणि आपल्या शरीरातही ऑक्सिजनच्या क्रियेतून असे रेणू तयार होतात की ज्यांच्यातील एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलेला असतो. त्यांना मुक्तमूलक म्हणतात. हा एकटा इलेक्ट्रॉन जोडी मिळवण्यासाठी शेजारच्या रेणूवर हात टाकतो. तो शेजारी मग तिसऱ्यावर टाकतो. अशी साखळी लागते आणि माल बिघडतो.

अँटिऑक्सिडंट द्रव्य या साखळीत मध्ये पडते. ते आपला एक हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन मुक्तमूलकाला देऊन टाकते आणि स्वतः मात्र फारसे अस्थिर होत नाही. साखळी तेथेच तुटते. पिवळे ए, कार्थामिन आणि फ्लॅव्होनॉइड या सर्वांच्या रेणूत ऑक्सिजन-हायड्रोजनचे अनेक गट असतात. देण्यासाठी त्यांच्याजवळ हायड्रोजन आहे, म्हणून त्यांच्यात हा गुण आहे.

येथे एक गोष्ट लक्षात येईल. जे द्रव्य दुसऱ्याचे ऑक्सिडीकरण रोखते ते स्वतः हवेत, उन्हात हळूहळू खर्ची पडते. उघड्या परातीत दुकानाच्या दर्शनी भागात ठेवलेली पाकळी महिनाभरात फिकी पडते, ती याचमुळे. रंग उडाला म्हणजे गुणही कमी झाला असे समजावे.

प्रयोगशाळेचा आकडा कसा वाचावा

हा गुण मोजण्याची सर्वांत प्रचलित पद्धत 'डीपीपीएच' या नावाने ओळखली जाते. डीपीपीएच हे स्वतःच एक स्थिर मुक्तमूलक आहे. अल्कोहोलमध्ये त्याचा रंग गर्द जांभळा असतो. त्यात पाकळीचा अर्क घातला की अर्कातील द्रव्ये हायड्रोजन देतात आणि जांभळा रंग उतरून फिका पिवळा होतो. ५१७ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरीवर यंत्र हा उतार मोजते.

अहवालात बहुधा 'आयसी ५०' असा आकडा असतो. निम्मे मुक्तमूलक शांत करण्यास किती अर्क लागला, हे तो सांगतो. म्हणून हा आकडा जितका लहान तितका अर्क जोरदार. पुष्कळ जण मोठा आकडा पाहून खूश होतात. ते उलटे आहे.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. अर्क पाण्याचा होता की अल्कोहोलचा? द्रव्ये वेगवेगळी उतरतात, त्यामुळे आकडा बदलतो. आणि तुलना कोणाशी केली आहे? अशा चाचणीत शेजारी 'क' जीवनसत्त्वाचा नमुना ठेवण्याची पद्धत आहे. तसा नमुना नसेल तर नुसत्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही. दोन व्यापाऱ्यांचे अहवाल दोन पद्धतींनी केलेले असतील तर त्यांची तुलना करू नये.

नळीतला गुण आणि शरीरातला गुण

येथे सर्वांत अधिक सावध राहिले पाहिजे. काचेच्या नळीत जांभळा रंग उतरला म्हणून माणसाचा रोग उतरला असे होत नाही. अर्क तोंडावाटे घेतला तर तो आतड्यातून रक्तात किती जातो, हा पहिला प्रश्न असतो. पिवळे ए पाण्यात उत्तम विरघळते, पण आतड्यातून ते फार थोडे शोषले जाते. म्हणूनच चीनमध्ये हृदयविकारातील छातीदुखीवर करडईची पिवळी द्रव्ये शुद्ध करून इंजेक्शनने देतात, तीही डॉक्टरच्या देखरेखीखाली. त्या इंजेक्शनचा गुण पाकळीच्या काढ्याला चिकटवणे ही गिऱ्हाइकाची दिशाभूल होय.

तसेच तेलाचे गुण पाकळीला लावू नयेत. करडईच्या तेलातील 'ई' जीवनसत्त्व आणि लिनोलेइक आम्ल बियांत असते. पाकळीचे घटक वेगळे आहेत.

एक धोकाही आहे. चिनी वैद्यकात आणि युनानीत कुसुंब्याचा उपयोग अडलेली मासिक पाळी मोकळी करण्यासाठी होत आला आहे. रक्त गोठण्याच्या क्रियेवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. म्हणून गरोदर स्त्रीला ही पाकळी औषध म्हणून देऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने, किंवा ज्याची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्याने, डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. आता विचार करा. गरोदर स्त्रीला दुधातून केशर देण्याची चाल आपल्या घराघरांत आहे. केशर म्हणून दिलेली पुडी करडईची निघाली, तर आपण तिच्या हातात काय दिले? चार पैशांच्या नफ्यासाठी हा भार डोक्यावर घेण्यासारखा नाही.

केशर आणि करडई : फरक कसा ओळखावा

केशराच्या एका फुलात लाल तंतूची तीनच टोके. एक किलो सुक्या केशराला साधारण दीड लाख फुले लागतात. केशराचा रंग 'क्रोसिन'चा, कडवटपणा 'पिक्रोक्रोसिन'चा आणि सुगंध 'सॅफ्रानल'चा. करडईत या तिन्हींपैकी काहीही नाही. दोघांचे रसायनच वेगळे, म्हणून फरक ओळखणे अवघड नाही.

पहिली खूण आकाराची. चिमूटभर माल कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या बशीत पसरावा आणि भिंगातून पाहावा. केशराचा तंतू एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला कर्ण्यासारखा रुंद असतो. करडईचे फूल बारीक नळीचे आणि वरच्या टोकाला पाच पाकळ्यांत फाटलेले दिसते. मधोमध पिवळी परागनळीही दिसते.

दुसरी खूण वासाची व चवीची. केशराला उग्र गोड सुगंध आणि जिभेवर कडवटपणा असतो. करडईत हे दोन्ही नाहीत.

तिसरी खूण रसायनाची. माल थंड पाण्यात अनेकदा धुऊन पिवळा रंग काढून टाकावा. उरलेला चोथा किंचित धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास ठेवावा आणि गाळावा. गाळलेल्या पाण्यात पांढरा सुती धागा टाकून लिंबू पिळावे. धागा गुलाबी झाला तर त्यात कार्थामिन आहे, म्हणजेच करडई आहे. अस्सल केशर असे करीत नाही.

खरेदी, वाळवण आणि साठवण

करडईची पाकळी म्हणूनच माल घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. थंड पाण्याची परीक्षा. खरी पाकळी थंड पाण्यात पिवळा रंग सोडते, लाल सोडत नाही. टाकताक्षणी पाणी लाल होत असेल तर वरून कृत्रिम रंग चढवल्याचा संशय घ्यावा आणि नमुना तपासून घ्यावा.

२. ओलावा. मुठीत दाबून सोडली असता पाकळी सुटी व्हावी. गोळा राहिला तर माल ओला आहे. त्याला बुरशी धरेल.

३. कचरा. काटे, हिरवी पाने, बोंडाचे तुकडे वेगळे करून वजन करावे. शंभर ग्रॅममध्ये दोन ग्रॅमपेक्षा जास्त निघाले तर भाव तोडून मागावा.

४. वाळवण. वेचलेल्या पाकळीचा जाड थर लावू नये. स्वच्छ कापडावर पातळ पसरून वारा खेळेल अशा सावलीत वाळवावी. गच्चीवर पत्र्याखाली तापवल्यास रंगद्रव्ये लवकर नासतात.

५. साठवण. गोणपाटाच्या पोत्यात ठेवू नये. हवाबंद, अपारदर्शक डबा किंवा आतून अस्तर लावलेली पिशवी वापरावी. थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावी. पिशवीवर वेचणीचा महिना आणि गाव लिहावे.

रंगरेज बांधवांसाठी

एकोणिसाव्या शतकात ढाक्याचा कुसुंबा इंग्लंडच्या बाजारात जात असे. १८५६ साली विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग बनवला आणि पुढील काही दशकांत हा व्यापार बसला. आज नैसर्गिक रंगाच्या कापडाला पुन्हा गिऱ्हाईक आहे. कुसुंब्याचा गुलाबी रंग सुती कापडावर तुरटीशिवायही चढतो, ही त्याची मोठी सोय.

पद्धत वर सांगितलेल्या धाग्याच्या परीक्षेसारखीच आहे. पाकळ्या कापडी थैलीत बांधून थंड पाण्यात मळाव्यात आणि पिवळे पाणी निघेनासे होईपर्यंत पाणी बदलावे. हे पिवळे पाणी फेकू नये. तुरटी लावलेल्या रेशमावर व लोकरीवर ते पिवळा रंग देते. नंतर थैली सोड्याच्या किंवा राखेच्या निवळीत ठेवून लाल द्रव्य उतरवावे. त्यात कापड बुडवून लिंबाचा रस किंवा व्हिनेगर थोडे थोडे घालावे, म्हणजे रंग कापडावर बसतो. सर्व काम थंड पाण्यात करावे. उकळल्यास कार्थामिन नासते. फिक्या गुलाबीसाठी साधारण कापडाच्या वजनाइतक्या पाकळ्या घ्याव्यात. गडद रंगाला त्याच्या कितीतरी पट लागतात.

जपानमध्ये यामागाता भागात ताज्या पाकळ्या कुस्करून, ओलसर ठेवून आंबवतात आणि मग त्यांच्या वड्या करून वाळवतात. त्यामुळे ऑक्सिडीकरण होऊन लाल द्रव्य वाढते. ज्याला रंगासाठी माल हवा त्याला ही रीत उपयोगी आहे. औषधी खरेदीदारासाठी मात्र पाकळी न आंबवता सुकवावी. त्याला पिवळे ए हवे असते.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट आधीच सांगावी. हा रंग ऊन आणि साबण सोसत नाही. सणासुदीच्या वस्त्राला तो शोभतो, रोजच्या धुण्याला नाही. आधी सांगितले तर तक्रार येत नाही.

लेबलवर काय लिहावे

'करडईच्या वाळलेल्या पाकळ्या' असे ठळक लिहावे. 'केशर', 'देशी केशर', 'केशर पत्ती' असली नावे टाळावीत. अन्न म्हणून विकायचे असल्यास अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना लागतो. २००६ च्या त्या कायद्यानुसार अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब, कर्करोग बरा करतो, पाळीचे विकार दूर करतो, अशी औषधाची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने बंद केली आहे. हँडबिल, दुकानावरील पाटी आणि मोबाइलवरून पाठवलेला मजकूर, सर्व ठिकाणी जपून लिहावे.

मग लिहावे तरी काय? जे खरे आहे ते: वाण, वेचणीचा महिना, गाव, ओलाव्याचे प्रमाण, आणि तपासून घेतले असेल तर पिवळे ए किती टक्के आहे ते. मोठा औषध कारखानदार, नैसर्गिक रंगाचा खरेदीदार किंवा परदेशी गिऱ्हाईक हेच विचारतो. खोट्या केशराच्या पुडीला पुन्हा तेच गिऱ्हाईक येत नाही. तपासलेल्या पाकळीचे गिऱ्हाईक दर हंगामाला येते.

येत्या हंगामात ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी फुले येण्याआधीच जवळच्या दोन-तीन करडई उत्पादकांशी बोलणी करावीत, पाकळी कधी आणि कशी वेचायची ते ठरवावे आणि पहिल्या खेपेचा एक नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. माल थोडाच घ्यावा. अहवाल हाती आला की भाव कोणाकडे आणि किती मागायचा, हे आपोआप कळेल.